दहाला एक, वीसला दोन

संक्रांतीच्या आगेमागे जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पटांगणात एका रात्रीत बाजार उगवतो. आदल्या दिवशी तिथं कवायत चाललेली असते, मुलं हाताचं अंतर घेऊन उभी असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मातीवर फक्कीच्या रेघा मारून चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात एकेक पेढी थाटलेली असते. पेढी म्हणजे एक गोणपाट, त्यावर मेथीच्या जुड्या, कोथिंबीर, हरभऱ्याचे डहाळे, एखादा लाजरा मुळा, आणि मागं मांडी घालून बसलेली, पायाला मुंग्या आल्यामुळं सारखी चुळबुळणारी इयत्ता तिसरी. पलीकडं खाण्याची रांग असते. पुठ्ठ्यावर स्केचपेननं 'शिवनेरी वडापाव', 'जय मल्हार भेळ' अशी नावं लिहिलेली असतात आणि त्याखाली 'आज रोख, उद्या उधार' हे व्यापाराचं आदितत्त्व. कुणी ह्या समारंभाला आठवडी बाजार म्हणतं, कुणी बाल आनंद मेळावा, स्काउट-गाइडचं पथक असलं तर खरी कमाई. फीत कापायला सरपंच येतात. कात्री शाळेच्या कार्यानुभवाच्या पेटीतली असल्यामुळं फीत कापली जात नाही, नुसती दुमडते. शेवटी ती ओढून तोडतात, टाळ्या वाजतात आणि बाजार खुला होतो.

माझी पुतणसून जुन्नर तालुक्यातल्या अशाच एका शाळेत शिकवते. तिचा फोन आला, "काका, शुक्रवारी आमचा बाजार आहे, या. येताना सुट्टे आणा. आणि घासाघीस करा बरं का. मागच्या वर्षी सगळे पाहुणे मुकाट्यानं पैसे काढून देत होते. अशानं मुलं शिकणार काय?" उतारवयात माणसाला नाना तऱ्हेची बोलावणी येतात, सत्काराची, शोकसभेची, गुडघेदुखीवरच्या शिबिराची. चिक्कू गिऱ्हाईक म्हणून बोलावणं यावं ह्याचा मला सूक्ष्म आनंद झाला. घरातल्या डब्यात साठलेली दहाची नाणी खिशात भरून, एका बाजूला किंचित कलत, मी पटांगणात शिरलो. पहिल्याच चौकोनातल्या चौथीच्या मुलानं माझं नाणं उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "आजोबा, हे चालत नाही." का चालत नाही? "कुणी घेतच नाही." दहाच्या नाण्याची चौदाच्या चौदा नक्षीकामं चलनात आहेत, बिनदिक्कत घ्यावीत, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीत जाहीर केलेलं आहे. ते निवेदन ह्या गोणपाटापर्यंत पोहोचलं नव्हतं. पण त्या मुलाचं म्हणणं मला खोडता येईना. पुढचा माणूस घेतो तो पैसा, ही त्याची समज होती, आणि अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं पुष्कळ वळणं घेऊन शेवटी ह्याच मुक्कामाला येतात.

मास्तरांच्या टेबलाशी जाऊन नाण्यांच्या नोटा करून घेतल्या आणि मी कामाला लागलो. "दहाला एक, वीसला दोन! दहाला एक, वीसला दोन!" असा पुकारा करत एक पोरगा मेथी विकत होता. ह्या सवलतीतली सवलत मी बराच वेळ शोधत राहिलो. त्याच्या आवाजात असा काही घसघशीतपणा होता, की वीसला दोन घेतल्या तर आपण काहीतरी पटकावलं असं वाटून माणूस घरापर्यंत खुशीत जावा. शहरातली दुकानं पाटीवर नव्याण्णवचा आकडा रंगवून जे साधतात, ते हा नुसत्या घशावर साधत होता. "आठला देतोस?" मी डाव टाकला. "नाही. बाईंनी दहा सांगितलंय." "समोरची मुलगी आठला देते म्हणे." त्यानं समोर पाहिलं, मग माझ्याकडं, आणि एखाद्या हट्टी म्हाताऱ्याची समजूत काढावी तसा म्हणाला, "मग तिच्याकडनं घ्या की." त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती त्याची चुलत बहीण होती, आणि मेथी एकाच बांधावरची.

चुलत बहिणीकडं गेलो तर निराळाच प्रकार. "आठला?" मी विचारलं. "घ्या." मी खिसा चाचपत जरा रेंगाळलो. "सहाला घ्या." मी काही बोलायच्या आत, "पाचला दोन घ्या." "अगं, थांब की जरा," मीच घाबरून म्हणालो. तेव्हा तिनं मान खाली घालून खरं कारण सांगितलं. "आई म्हणाली, काही कर, पण माघारी आणू नको."

सहावीच्या गणितातल्या नफा-तोट्याच्या धड्यात एक दुकानदार असतो. तो खुर्च्या घेतो, पंखे घेतो, सायकली घेतो. विकल्या जाईपर्यंत त्या जशाच्या तशा राहतात, त्यामुळं त्याला कधीच घाई नसते. मेथीला मात्र संध्याकाळ असते. त्या मुलीच्या आईला हे कुण्या धड्यानं शिकवलेलं नव्हतं. तिथून जवळच नारायणगावच्या उपबाजारात पालेभाजीचे सौदे शेकड्यावर होतात. शंभर जुड्यांचा एक आकडा पुकारला जातो, आणि आवक दाटली की तो असा घसरतो, की खुडणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडंही सुटत नाही. मग कुणी उभ्या मेथीत शेळ्या सोडतं, कुणी रोटाव्हेटर फिरवतं. शाळेतला दहाचा भाव बाईंनी मागणीला वा पुरवठ्याला न विचारता, निव्वळ नोट सुटी करावी लागू नये म्हणून ठरवलेला. आणि पिकवणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर बारा महिन्यांतल्या कितीतरी दिवसांच्या खऱ्या भावापेक्षा तो चांगला होता. आता ह्यातला लुटुपुटीचा बाजार नेमका कुठला, ह्या विचारात मी काहीही कारण नसताना एक मुळा विकत घेतला. चुलत बहिणीला मी जुडीचे दहाच दिले. पुतणसुनेनं लांबून ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

साडेदहाच्या सुमाराला आया आल्या. एरवी भाजीवाल्याला घाम फोडणाऱ्या, जुडी हातात तोलून, उलटी करून, मुळांची माती झटकून मग भावाला हात घालणाऱ्या ह्या बायका. शाळेच्या फाटकातून आत येताना त्यांच्या चालण्यात आज थोडा संकोच होता. त्यातली एक सरळ आपल्या मुलाच्या गोणपाटापुढं येऊन उभी राहिली. "कशी दिली?" "दहाला." "दहा? अरे, काल सांजच्याला मीच खुडली, मीच बांधली, आणि मलाच दहा?" पोरगा गोंधळला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पण डगमगला नाही. "सगळ्यांना दहाच आहे." तिनं कमरेचा बटवा काढला, चुरगळलेली नोट उलगडली आणि दिली. त्याची अजून भवानी झालेली नव्हती. त्यानं नोट दोन्ही डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, आणि गोणपाटाखाली सरकवली. हे त्यानं कुठं पाहिलं असणार ते सांगायला नकोच. मेथी शेतातून घरी, घरातून शाळेत, शाळेतून पुन्हा घरी अशी प्रदक्षिणा करून रात्री त्याच चुलीवर चढणार होती. ह्या व्यवहारानं राष्ट्रीय उत्पन्नात काय भर पडली हे सांख्यिकीवाल्यांनी ठरवावं. त्या बाईनं मात्र जाता जाता दोनदा मागं वळून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पाहताना ती गिऱ्हाईक राहिलेली नव्हती.

खाण्याच्या रांगेत काळ बराच पुढं गेलेला होता. प्रत्येक टेबलावर कुणाच्या ना कुणाच्या वडिलांचा क्यूआर कोड चिकटवलेला. अडचण एवढीच होती, की पैसे जमा झाल्याचा संदेश वडिलांच्या मोबाइलवर येणार आणि वडील त्या वेळी उसाच्या फडात किंवा एसटीच्या ड्यूटीवर. 'जय मल्हार भेळ'च्या मालकानं ह्यावर तोडगा काढला होता. गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटली, की त्यानं ठेवलेला एक मदतनीस, पहिलीतला, छाती फुगवून, दुकानातल्या त्या बोलक्या डबीच्या निर्विकार आवाजात म्हणे, "वीस रुपये प्राप्त झाले." दिवसभर त्याला हेच काम. मोबदला म्हणून तासाला एक भेळ. नंतर नंतर तर रोख पैसे दिले तरी तो प्राप्त झाल्याचं जाहीर करू लागला, आणि नुसतं भाव विचारून पुढं गेलेल्या एका गुरुजींचेही वीस रुपये प्राप्त झाले. गुरुजी परत आले आणि त्यांनी निमूटपणे भेळ घेतली. यंत्राशी वाद घालता येत नाही.

आमच्या लहानपणी हे शिक्षण मे महिन्यात होई, ऐन दुपारी, माजघरातल्या शहाबादी फरशीवर पोटावर पालथं पडून. 'व्यापार' नावाचा खेळ होता. फासे टाकायचे, सोंगटी पुढं न्यायची, शहरं विकत घ्यायची, त्यांवर घरं बांधायची आणि जो चुकून तिथं येईल त्याच्याकडून भाडं वसूल करायचं. बँक नेहमी थोरल्या चुलतभावाकडं. नोटा हाताळून हाताळून पिंपळपानासारख्या जाळीदार झालेल्या असत आणि दर उन्हाळ्यात त्यातल्या काही गहाळ होत. तेव्हा थोरला बंधू जुन्या कॅलेंडरचं पान फाडून पाठीमागं 'पाचशे' असं लिही, खाली स्वतःची सही करी, आणि ते चलन आम्ही सगळे बिनतक्रार मानत असू. आम्हा सगळ्यांचं कधी ना कधी दिवाळं निघालं. त्याचं कधीच निघालं नाही. पुढं ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजारच्या नोटांचा कागद झाला, तेव्हा माळ्यावरच्या खोक्यातली आमची ती कॅलेंडरची नोट जशीच्या तशी होती. तिच्या मुदतीविषयी कुणी काही बोललं नाही. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत दिल्लीतल्या एका एटीएममधून 'चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया'च्या दोन हजारांच्या नोटा बाहेर आल्याची बातमी वाचली, आणि थोरल्या बंधूंना फोन करून, ह्या वयात तुम्ही अजून धंदा चालू ठेवलात का, असं विचारल्याशिवाय राहवलं नाही.

ह्या खेळाचं मूळ मला फार पुढं कळलं. अमेरिकेत लिझी मॅगी नावाची एक बाई होती. लघुलेखिका म्हणून नोकरी करणारी, कविता लिहिणारी, आणि हेन्री जॉर्ज ह्या अर्थचिंतकाच्या विचारांनी भारलेली. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीचे भाडं भरता भरता कसे कंगाल होतात हे व्याख्यानांनी कुणाला पटत नाही, तर निदान पटावर खेळून पटावं, म्हणून तिनं 'लँडलॉर्ड्स गेम' बनवला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढं तिनं खेळायचे नियमही दोन प्रकारचे दिले. एका प्रकारात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा मिळे. दुसऱ्यात एकानं सगळ्यांना नागवायचं. लोकांनी दुसरा प्रकार उचलला, ह्यात नवल नाही. त्याचीच पुढं 'मोनॉपली' झाली, ती शोधल्याचं श्रेय चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थांना गेलं, आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी मॅगीबाईंचं पेटंट पाचशे डॉलरांना विकत घेतलं. मक्तेदारीचे तोटे समजावेत म्हणून बनवलेला खेळ एका कंपनीच्या मक्त्यात गेला, आणि त्याचंच कुठलंसं दूरचं, उन्हानं रापलेलं नातवंड आमच्या फरशीवर येऊन पोहोचलं. आम्ही त्यातून काय शिकलो? भाडं घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर येणारा एक विशिष्ट शांतपणा तेवढा मला अजून आठवतो. मुलांना खेळातून काही शिकवायला जावं, तर ती खेळ उचलतात आणि धडा पटाखाली ठेवून देतात.

शहरात ह्याच गोष्टीला वातानुकूलित रूप आलं. घाटकोपरच्या एका मॉलमध्ये २०१३ साली 'किडझानिया' उघडलं. मूळ कल्पना मेक्सिकोतली, १९९९ ची. मुलांच्या मापाचं शहर, त्यात मुलांच्या मापाची बँक, आणि 'किडझो' नावाचं स्वतंत्र चलन. मुलानं अग्निशमन दलात जायचं, कुरियर पोचवायचं, आणि पगार किडझोंत घ्यायचा. आईवडील तिकिटाचे खरे रुपये मोजतात, मग मूल आत जाऊन कष्ट करतं. इतिहासात पोरांना कामाला लावून पालक पैसे घेत आलेत. पैसे देऊन कामाला लावण्याइतकी सुबत्ता आली, ह्याचा एका परीनं आनंदच मानायला हवा. माझ्या भाचीचा मुलगा तिथून येताना खिशात उरलेले किडझो घेऊन आला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडं चिक्कीसाठी पुढं केले. वाण्यानं ती नोट उजेडात धरून अतिशय गंभीरपणे पाहिली. तेही कुणी घेतच नाही, ह्याच सदरात निघालं.

शाळेच्या बाजूनंही प्रयत्न आजचे नाहीत. आमच्या शाळेत संचयिका होती, म्हणजे मुलांनी मुलांसाठी चालवलेली बचत बँक. वर्गातल्याच एका मुलाला मॅनेजर नेमलेलं असे, आणि त्या खुर्चीवर बसला की त्याला आमची नावं आठवत नसत. पंचवीस पैसे भरले की छोट्या पासबुकात नोंद होई. भरणं सोपं होतं. काढायचे तर वर्गशिक्षकांच्या नावे अर्ज, त्यात कारण, आणि कारणाखाली पालकांची सही. 'कुल्फी' हे कारण लिहून त्याखाली वडिलांची सही आणण्याची छाती कुणाचीच नव्हती, म्हणून आमची बचत वाढत गेली. काटकसरीचा उगम चारित्र्यात असतो असं मोठी माणसं सांगत; माझा अनुभव असा, की तो बराचसा अर्जाच्या नमुन्यात असतो. आता २०२४ पासून महाराष्ट्रात पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आहे. त्याच्या यादीत योग आहे, रस्ता सुरक्षा आहे, नातेसंबंध हाताळणं आहे, आणि त्यांच्या शेजारी 'दैनंदिन जीवनातील वित्तीय व्यवस्थापन' हेही शांतपणे बसलेलं आहे. रिझर्व्ह बँकेनं तर मुलांसाठी चित्रकथा काढली, तिचं नाव 'राजू अँड द मनी ट्री'. पैसे काय झाडाला लागतात, हे वाक्य ऐकत ज्यांचं सगळं बालपण गेलं, त्यांना देशाच्या मध्यवर्ती बँकेनं अखेर ते झाड काढून दाखवावं, म्हणजे आमच्या आयांचा अर्धा युक्तिवादच गेला.

उरलेला अर्धा त्या पटांगणात गेला. सगळ्यात शेवटच्या चौकोनात सातवीतला एक मुलगा गाभुळलेल्या चिंचा आणि बोरं विकत होता. चिंचा शाळेमागच्या झाडाच्या, बोरं गायरानातली. वाटा पाच रुपये, मिठाची पुडी फुकट. भांडवल शून्य, जागा फुकट, गिऱ्हाईक मधल्या सुट्टीत आपोआप चालून येणारं. दुपारी एकच्या आत त्याचं गोणपाट रिकामं झालं, आणि खिशातली नाणी खुळखुळवत तो इतरांच्या दुकानांपुढून सावकाश फेऱ्या मारू लागला. एखाद्या निवृत्त कारखानदारालाच हे चालणं साधतं. त्याला दहाची नाणीही चालत होती. "आमच्याकडं सगळं चालतं, आजोबा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी होती. चिमुकल्यांनी व्यवहारज्ञानाचे धडे गिरवले, इतक्या हजारांची उलाढाल झाली, मान्यवर उपस्थित होते. दरवर्षी ही बातमी अशीच असते, फक्त आकडा वाढतो आणि मान्यवर बदलतात. पुतणसुनेनं ती कापून फलकावर लावली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. मी मुक्कामाला राहिलो होतो, म्हणून शनिवारी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. तिनं फळ्यावर उभी रेघ मारली, डावीकडं जमा लिहिलं, उजवीकडं खर्च. "काल कुणाला किती नफा झाला?" हातांचं जंगल उभं राहिलं. कुणाला दोनशे, कुणाला साडेतीनशे. 'शिवनेरी वडापाव'नं सातशे चाळीस सांगितल्यावर वर्गात आदराची शांतता पसरली. "आणि खर्च?" शांतता तशीच राहिली, फक्त तिच्यातला आदर गेला. बटाटे घरचे. बेसन घरचं. तेल घरचं, गॅस घरचा. म्हणजे डावीकडं सातशे चाळीस आणि उजवीकडं पांढरा फळा, म्हणजे काळा फळा. "घरचं म्हणजे कुठून आलं?" तिनं विचारलं. "फडताळातून," एकजण म्हणाला, आणि त्याच्या माहितीप्रमाणे ते बरोबर होतं.

मग बेसनाची किंमत निघाली, तेलाची निघाली. गॅसची टाकी किती दिवस पुरते आणि चाळीस वड्यांना तिच्यातला कितवा भाग लागतो ह्यावर एक भीषण त्रैराशिक झालं आणि अर्धवट सुटलं. उजवी बाजू भरत चालली. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक शांत मुलगी उठून म्हणाली, "बाई, मी खर्चात 'आईचा एक दिवस' असं लिहिलंय. त्याच्यापुढं किती लिहू?" आदल्या दिवशी तिच्या आईनं तिच्यासाठी शंभरभर थालीपिठं थापली होती आणि त्यासाठी कामावर खाडा केला होता. पुतणसून एक क्षण गप्प झाली. हा प्रश्न मोठमोठ्या समित्यांनी पुढं ढकललेला आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी दिवसाला २९९ मिनिटं भरली आणि पुरुषांची ९७. मिनिटं मोजून झाली, आकडे छापून झाले, रुपयांचा रकाना मात्र तिथंही नव्हता. वर्गाला असली अडचण पडली नाही. "खुरपणीचा रोज धर!" मागून आवाज आला. "तीनशे!" "तीनशे कुठं, चारशे झालाय आता!" "तुमच्याकडं झाला असंल!" रोजाचा दर सगळ्यांना पाढ्यापेक्षा पक्का पाठ होता. शेवटी साडेतीनशेवर तडजोड झाली, आणि तिच्या तीनशे दहा रुपयांच्या नफ्याचा चाळीस रुपये तोटा झाला.

ती खाली बसली. रडली वगैरे नाही. उलट तिनं तो आकडा नीट, दोनदा अधोरेखित केला. पण वर्गात खळबळ उडाली. प्रत्येकाला एकदम आपापली आई आठवली. मेथीवाल्या चुलत भावंडांच्या आया एकत्र खुडायला होत्या, तेव्हा त्यांचे दिवस एकत्र करून दोघांत वाटायचे की ज्यानं त्यानं आपल्या आईचा वेगळा धरायचा, ह्यावर त्यांचं जुंपलं. 'शिवनेरी वडापाव'कडं आई, आजी आणि पुण्याहून मुद्दाम आलेली मावशी अशा तिघी राबल्या होत्या. त्याचे सातशे चाळीस पाहता पाहता वितळले आणि तो खोडरबर मागत फिरू लागला. कुणीतरी आईच्या दिवसात झोपेचे तास धरायचे नाहीत असा मुद्दा काढला. चिंचावाला तेवढा निवांत होता, हात डोक्यामागं घेऊन बसलेला. "माझा खर्च शून्य." "झाडावर चढायची मजुरी धर," चुलत बहीण म्हणाली. "मीच चढलो की." "मग तुझीच धर." "आणि पडला असतास तर?" आणखी कुणीतरी विचारलं. तो सरळ बसला. वर्गानं त्याच्या खर्चाच्या बाजूला न मोडलेल्या हाताचं प्लास्टर लिहायला लावलं, ते खोडावं की ठेवावं ह्यावर मत घेतलं, आणि पुतणसुनेला विमा ही कल्पना ठरल्यापेक्षा दोन महिने आधी काढावी लागली.

ह्या गदारोळात भेळवाल्याचा तो पहिलीतला मदतनीस, हिशेबात आपलंही काहीतरी असणार ह्या भरवशावर, मोठ्यांच्या वर्गात कधी येऊन उभा राहिला होता ते कुणाला कळलं नाही. त्यानं बोट वर केलं. "बाई, मी काहीच विकलं नाही. मी नुसतंच खाल्लं. माझं कुठं लिहायचं?"

"जमेला!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

पुतणसुनेनं नवा खडू घेतला, फळ्याचा एक कोपरा पुसून मोकळा केला आणि त्याला जवळ बोलावलं. "आधी काय काय खाल्लंस ते सांग." त्यानं छाती फुगवली, आवाज लावला, आणि भेळेपासून सुरुवात केली.